गाडीत माणूस नाही

सीट होणं हे काम नाही, शिक्षा आहे. एप्रिलच्या लखनऊमध्ये तर सक्तमजुरीची शिक्षा. आमच्या प्रयोगशाळेने खास शिवून घेतलेलं राखाडी कव्हर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत अंगावर चढवायचं, मागचा वेल्क्रो दुसऱ्याकडून लावून घ्यायचा, आणि ड्रायव्हरच्या जागी असं बसायचं की बाहेरून बघणाऱ्याला रिकामी सीटच दिसावी. डोकं येतं तिथं एक बारीक जाळी. त्या जाळीतून रस्ता बघायचा आणि स्टिअरिंग अगदी खालून, दोन बोटांनी धरायचं. नाक खाजलं तरी हात वर न्यायचा नाही, कारण सीट स्वतःचं नाक खाजवत नाही.

हे सोंग कशासाठी, ते सांगते. पुढेमागे रस्त्यावर ड्रायव्हर नसलेल्या गाड्या येणार म्हणतात. तेव्हा रस्ता ओलांडणाऱ्या माणसाने करायचं काय? आज आपण हात वर करतो, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो, तो मान हलवतो नाहीतर शिवी देतो, आणि आपलं काय ते ठरतं. आत कोणीच नसेल तर विचारायचं कोणाला? आमचं संशोधन एवढ्याच प्रश्नाचं होतं. खरी तसली गाडी आमच्याकडे नव्हती, म्हणून माणूस लपवून गाडी बिनड्रायव्हरची असल्याचं भासवायचं. जगभर या कामात हीच पद्धत वापरतात, मी काही चोरी करत नव्हते.

गाडीच्या पुढच्या बाजूला आम्ही दोन मोठे डोळे बसवले होते, दिव्यांचे. कोणी रस्त्याच्या कडेला आलं की ते डोळे त्याच्याकडे वळायचे. अर्थ असा, की तू मला दिसलास, आता खुशाल जा. डोळे सुजय फिरवायचा, रस्त्याकडेला उसाच्या रसाच्या ठेल्याशी उभा राहून, खिशातल्या रिमोटने. ब्रेक माझ्या पायाखाली. सुजय छावणीत वाढलेला फौजी घरातला मुलगा, मूळचा साताऱ्याचा. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देतो. तो माझ्या कानातल्या बटणात बोलायचा, "दाएँ से दो लड़के, भावना," आणि मी हळू व्हायचे. डोळे एकाचे आणि पाय दुसऱ्याचा, ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाच तेव्हा खटकली नाही.

सीट व्हायला मीच का, तर गटात सगळ्यात बुटकी मी. आमच्या प्रमुख मालिनी मॅडमनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विषय संपवला. रस्ता मात्र मी सुचवला होता. वृंदावन योजना या वसाहतीतला आमच्याच सेक्टरचा रस्ता, रुंद, सरळ, सकाळी बेताची वर्दळ. घरापासून तीन गल्ल्या. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला कोणाची मदत लागत नाही.

कारण त्याच रस्त्याच्या अलीकडे माझी आई राहत होती आणि तिने एकटीने रस्ता ओलांडणं सोडून दिलं होतं.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबांच्या टेलिफोन खात्यातल्या नोकरीने आम्हाला लखनऊला आणलं आणि बाबा निवृत्त झाल्यावरही आम्ही इथेच राहिलो. आधी अलीगंजमध्ये होतो. तिथे माझा धाकटा भाऊ सुगत कोपऱ्यावरच्या दुकानातून आईचीच गोळी आणायला म्हणून रस्ता ओलांडत होता, आणि एका गाडीने त्याला उडवलं. चोवीस वर्षांचा होता. त्यानंतर आम्ही घर बदललं, पण आई बदललेल्या घराच्या फाटकापर्यंतच यायची. पुढे बाबांचा हात लागायचा. हात असला तरी मधेच थबकायची, गाड्या लांब असल्या तरी परत फिरायची. रस्त्यापलीकडे सामुदायिक भवन आहे. तिथे आमच्या समाजातल्या बाया जयंतीच्या आधी भीमगीतांचा सराव करतात. अलीगंजला असताना पुढे उभं राहून पहिली ओळ उचलायची ती माझी आई, गयाबाई. 'गयाबाईचा गळा' म्हणून लोक तिला ओळखायचे. इथे ती गॅलरीत उभी राहून पलीकडून येणारा ढोलकीचा आवाज ऐकायची आणि आत येऊन कपड्यांच्या घड्या घालायची. मला ते बघवत नसे. मी चिडायचे, तिच्यावरही चिडायचे, आणि मग स्वतःची लाज वाटायची.

प्रयोग सोमवारी सुरू झाला. मंगळवारी मी घरी आले तर आई स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

"आज मी एकटी गेली भवनात," ती म्हणाली.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मी विचारलं, "एकटी? रस्ता?"

"अवं, ते गाडी नाही का येत आजकाल, डोळेवाली! शेजारची मिश्राइन सांगत होती, त्याच्यात ड्रायव्हरच नाही. मी पाह्यलं जाऊन. खरंच नाही. रिकामी सीट. अन् तिनं माह्याकडे पाह्यलं अन् थांबली." आईने पोळी उलटली. "माणूस नाही ना आत. मग भीती कायची? मशीन का फोनवर बोलते? मशीन का दारू पिते?"

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. मी लॅबमध्ये गाड्यांचं काहीतरी करते एवढंच त्यांना ठाऊक होतं. आत कोण बसतं हे घरी सांगायचं नाही असा नियम होता. दुपारी एका बाईसाठी थांबल्याचं मला आठवत होतं, पण डोक्यावर पदर, उन्हातून आलेली, जाळीतून माणसं अशी ठिपक्याठिपक्यांची दिसतात. ती माझी आई होती आणि मी तिला ओळखलंसुद्धा नव्हतं. मी ताटावर वाकून जेवत राहिले.

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती गुणगुणत होती हो. किती दिवसांनी.

बुधवारीही ती गेली. रात्री जेवताना हसत हसत सांगू लागली. दुपारी भवनातून परत येताना समोरून पांढरी गाडी आली, आमच्या विजेच्या गाडीसारखीच बिनआवाजाची. आईला वाटलं, हीसुद्धा तसलीच. ती सरळ पुढे गेली. गाडी करकचून थांबली आणि काच खाली करून एक माणूस तिला वाट्टेल ते बोलला.

"डोळे नव्हते पुढे, तेव्हाच समजाले पाहिजे होतं मले," आई म्हणाली. "त्याच्यात माणूस होता, म्हणून शिव्या देल्या. आता हळूहळू सगळ्याच गाड्या बिनमाणसाच्या येणार म्हणे. मग बरं होईल."

मी उठून गच्चीवर गेले आणि मालिनी मॅडमना फोन लावला.

"शनिवारी सगळ्यांना एकदम सांगायचं ठरलंय, भावना," त्या म्हणाल्या. "फलक लावायचा, गाडी उघडून दाखवायची. आधी फुटलं तर पूर्ण आठवड्याचा डेटा कचऱ्यात जाईल."

"मॅडम, माझी आई गाड्यांसमोर चालत जातेय."

"मग तिला शनिवारपर्यंत घरी थांबायला सांग ना. दोनच तर दिवस आहेत."

घरी थांबायला सांग! ज्या बाईने कित्येक वर्षं दुसरं काहीच केलं नाही, तिला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी फोन कट केला, मग नोकरी आठवली आणि "नेटवर्क गेलं" असा मेसेज पाठवला. खाली आले तेव्हा आई बाबांना नवीन गाण्याची चाल ऐकवत होती. बाबा मांडीवर ठेका धरत होते. उद्या संध्याकाळी सांगू, मी ठरवलं. उद्याचा सराव तिला करू दे. मग मी तिला समोर बसवून सगळं सांगेन, आणि रोज हात धरून भवनात नेईन. असा माझा बेत होता, फार शहाणपणाचा.

गुरुवारी सकाळी मी कव्हरमध्ये शिरले तेव्हाच ते ओलं होतं. आदल्या दिवशीचा घाम वाळलाच नव्हता. सुजयने मागचा वेल्क्रो लावला आणि म्हणाला, "आज तू ठीक नहीं लग रही, यार."

"आई आली रस्त्यावर तर मला आधी सांग," मी म्हणाले. "निळी पिशवी असते तिच्या हातात. लांबूनच सांग."

"हाँ हाँ, बता दूँगा."

पहिल्या फेऱ्या धड झाल्या. शाळेतली मुलं गाडीला वाकुल्या दाखवून गेली. एक दूधवाला मुद्दाम सायकल आडवी घालून थांबला, डोळ्यांकडे बघून खदखदा हसला आणि निघून गेला. गाडी बिनमाणसाची आहे म्हटलं की लोक तिला फार छळतात. आत माणूस असेल तर चिडेल, मारेल, अंगावर घालेल. मशीनकडून ती भीती नसते. मी आत बसून दात खात होते आणि सायकलच्या वेगाने गाडी चालवत होते.

मग मी चौकातून वळले आणि तोंड पूर्वेला झालं. समोरच्या काचेतून ऊन थेट जाळीवर आलं. जाळीच्या प्रत्येक भोकातून उजेड फुटला आणि रस्ता पांढरा झाला. मला दिसत होता तो उजवीकडचा उसाचा ठेला, त्याच्याशी उभा सुजय, आणि त्याच्या बाजूला मिश्राइन, हातात रसाचा ग्लास. डावीकडे पाण्याचा टँकर उभा होता. भुवईवरून घामाचा थेंब सरकला आणि डोळ्यात गेला. डोळा चुरचुरला. हात वर नेता येईना. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. हळू करायला हवं होतं. पण उजवीकडून कोणी येत नव्हतं आणि कानात सुजय काही बोलत नव्हता, म्हणून पाय जिथे होता तिथेच राहिला.

"ब्रेक!" सुजय कानात किंचाळला. "भावना ब्रेक! आई! आई!"

पाय गेला. मी नेला नाही, तो गेला. गाडीने नाक खाली घातलं, माझी छाती स्टिअरिंगवर आपटली आणि सगळं गप्प झालं. मी डोळे उघडले. बॉनेटच्या अगदी पुढे, टँकरच्या आडून आलेली एक निळी पिशवी होती. पिशवीच्या वर आईचा चेहरा.

ती घाबरलेलीच नव्हती. ती गाडीच्या डोळ्यांकडे बघत होती आणि हसत होती. तिने पुढे होऊन बॉनेट थोपटलं, शहाण्या जनावराला थोपटावं तसं. मग ठेल्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "देखा, मिश्राइन? आदमी होता तो चढ़ा देता!"

काच थोडी खाली होती. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"गाड़ी आगे ले, भावना," सुजय कानात पुटपुटला. "लोग देख रहे हैं. मैं सँभालता हूँ आंटी को. तू निकल यहाँ से."

माझा पाय ब्रेकवरून उचलेना. मी निघून गेले असते तर आई रस्ता पार करून गायला गेली असती. परत येताना कुठल्या तरी पांढऱ्या गाडीसमोर तशीच हसत उभी राहिली असती. आणि मी संध्याकाळी तिला समोर बसवणार होते म्हणे.

मी मागे हात घालून वेल्क्रो ओढला. त्याचा तो फाटल्यासारखा आवाज झाला. मी कव्हर डोक्यावरून काढून फेकलं आणि दार उघडून बाहेर पडले. मिश्राइनच्या हातातला ग्लास पडला. "हाय राम, सीट में से औरत निकली!" ठेल्यावरचा माणूस दोन पावलं मागे सरकला. लोक जमू लागले, मोबाइल वर झाले. मला कशाचंही काही वाटत नव्हतं. केस चिकटलेले, कुडता पिळून काढावा इतका ओला, आणि मी आईसमोर उभी.

आई एक पाऊल मागे गेली. मग तिने मला ओळखलं.

"भावना? तू होती आत?"

मी मान हलवली.

तिने गाडीकडे पाहिलं, फेकलेल्या कव्हराकडे पाहिलं, आणि हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला. मला वाटलं होतं ती चिडेल, फसवलं म्हणेल. ती हसली, पहिल्यापेक्षाही मोठं.

"मेरी बेटी है," तिने मिश्राइनला सांगितलं. "मेरी बेटी चला रही थी." मग माझ्या गालावर हात ठेवला. "म्हणूनच थांबली. मी म्हणलं नाही का, गाडी माह्याकडे पाहते. तूच पाहत होती. तुले दिसली मी, म्हणून थांबली."

इतकं सोपं होतं ते. नुसतं हो म्हणायचं. माझ्या आईचा पुन्हा एका माणसावर विश्वास बसत होता, आणि तो माणूस मी होते. सुजय धापा टाकत येऊन बाजूला उभा राहिला होता. तोही काही बोलला नसता. मला हो म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं.

"नाही आई," मी म्हणाले. "तू मला दिसली नाहीस. मी तुला पाहिलंच नाही."

"असं काऊन म्हणतं? थांबली ना तू."

"डोळ्यांत ऊन होतं. घाम गेला होता. सुजय ओरडला म्हणून पाय पडला ब्रेकवर. तो ओरडला नसता तर..."

"अन् हे डोळे?" तिने बॉनेटकडे बोट केलं. "हे पाहत होते ना माह्याकडे."

सुजयने खिशातून रिमोट काढून तिच्यासमोर धरला. मी पहिल्यांदाच त्याला मराठीत बोलताना ऐकलं. "ते मी फिरवतो, काकू. मला तुम्ही दिसलात म्हणून मी फिरवले. हिला ते दिसत नाहीत. चूक आमची आहे."

आईचा हात माझ्या गालावरून खाली आला. तिने पहिल्यांदाच स्वतःच्या पायांकडे पाहिलं. लुगड्याचा काठ बंपरला अडकला होता. तिने वाकून तो सोडवून घेतला, झटकला आणि बराच वेळ बंपरकडेच बघत राहिली. जमलेल्यांपैकी कोणी तरी विचारत होतं, "पिक्चर की शूटिंग है क्या?" मागे एक ई-रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"त्यानंही कोर्टात हेच सांगतलं होतं," आई म्हणाली.

"कोणी?"

"सुगतच्या गाडीवाल्यानं. हात जोडून. 'अम्मा, मैंने देखा ही नहीं.' तू त्या दिवशी नव्हती आली." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याशी बोलावं तसा. "मी म्हणलं, खोटं बोलते हा. एवढा उंच पोरगा माहा, दिसणार कसा नाही? पाहून पाहून मारलं म्हणलं यानं. इतकी वर्षं तेच म्हणत आली मी."

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, मोबाइलवाल्यांच्या समोर, मी तोंड दाबून रडले. जवान मुलगा गेल्यावर रागाने तिला उभं ठेवलं होतं, आणि तो रागही मी तिच्याकडून काढून घेतला होता. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, असंही एक क्षण मनात आलं.

"आई, चल घरी," मी म्हणाले. "मी सोडते."

सुजयचा फोन वाजत होता. पडद्यावर मालिनी मॅडमचं नाव होतं. त्याने तो उलटा करून खिशात घातला. आठवडा वाया गेला हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"घरी कायले?" आई म्हणाली. "प्रॅक्टिस आहे माही. जयंती तोंडावर आली."

ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. पलीकडचा अर्धा रस्ता अजून बाकी होता आणि त्यावर वाहनं होती, आत माणसं असलेली. मी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो धरला नाही. तिने माझं मनगट पकडलं, घट्ट, हात सोडून पळणाऱ्या लहान पोराचं पकडतात तसं, आणि मला स्वतःच्या मागे ओढून घेतलं. तिने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे. एक ई-रिक्षा येत होती. ती अजून बरीच लांब होती, तरी आई थांबली, आणि मी पाऊल उचललं तशी तिने माझ्या मनगटाला झटका दिला.

"थांब. येऊन राह्यला तो."

रिक्षा गेली. आई तिच्या ड्रायव्हरच्या तोंडाकडे शेवटपर्यंत बघत होती. मग एक स्कूटर गेली, तिच्याही चालवणाऱ्याकडे तिने तसंच पाहिलं. रस्ता मोकळा झाला तरी ती जराशी उभीच राहिली.

"आता चाल," ती म्हणाली. "अन् समोर पाहत जा जरा."

आम्ही पलीकडे गेलो. भवनाच्या दारापर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही.